सुटली म्हण

बोंडल्यातल्या दुधाचा थेंब तिनं मनगटावर टाकून पाहिला आणि तिला काहीच लागलं नाही. थेंब दिसत होता. निळसर शिरेवर तो क्षणभर थांबला, मग कोपराकडे घरंगळला, आणि त्याच्या वाटेवर ना ऊन ना गार. मालननं आणखी एक थेंब टाकला. मग आणखी एक. रोजच असं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दूध बाळाला देण्याजोगं झालं की ते हाताला वेगळं असं कळतच नाही. बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा आईनंच शिकवलं होतं, लागलं नाही म्हणजे बेतशीर झालं. पण आज ती चुलीपुढे उकिडवी बसून राहिली, ओला हात पुढे धरून, जणू तो कुणी तिच्याकडे सांभाळायला दिला होता. मग तिनं तव्याच्या कडेला बोट लावलं. चटका बसला. बोट आपोआप मागे आलं आणि तिला बरं वाटलं. भाजल्यावर बरं वाटावं, असं आपल्याला कधीपासून व्हायला लागलं याचा विचार करायला हवा होता, पण गुरुवारपासून विचार तिच्या डोक्यात यायचा तो दारातच थांबायचा, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही. आत सगळं झाडून घेतलेलं, रिकामं होतं.

बाळ पाळण्यात कुरकुरत होतं. कालपासून त्याचं अंग कोमट होतं. सासूबाईंनी, आक्काबाईंनी, कपाळाला हात लावून सांगून टाकलं होतं की दात येतायत, दुसरं काही नाही, सगळ्या पोरांना येतो ताप. मालननं हो म्हटलं. हो म्हणताना तिची नजर बाळाच्या दंडावर होती, मांडीवर होती, कानाच्या पाळीमागे होती. आंघोळीला तिनं त्याला उजेडात धरून पाहिलं होतं, पाठ, पोट, बोटांच्या बेचक्या. गव्हाळ, नितळ कातडी. काहीच नव्हतं. काही दिसायचंच नसतं इतक्या लवकर, हेही ती वाचून होती. मग ती मोरीवर जाऊन पुन्हा हात धुऊ लागली. लढाई संपली तरी साबण मिळत होता तो रेशनसारखाच, मोजून मापून, आणि ती वडी चार दिवसांत झिजून पत्र्यासारखी पातळ झाली होती. "अगं, हात हायेत का बटाटे?" मागून आक्काबाई म्हणाल्या. "सोलून काढशील अशानं." आणि हसल्या. मालनही हसली. हसणं येत होतं, चालणं येत होतं, वर्गात फळ्यावर खडू चालत होता. तिच्यावाचून सगळं चाललं होतं आणि ती कुठेतरी बाजूला बसून पाहत होती.

शाळेत तिला बनूची पालकबाई केलं होतं. ही पालकबाईची पद्धत मोठ्या बाईंनी आणलेली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका केशरबाई, लहानपणी विधवा झालेल्या, पुढे शिकून मुंबईला शिक्षकांच्या कसल्याशा वर्गाला जाऊन आलेल्या. तिथून आल्यावर त्यांनी प्रत्येक बाईकडे वसतिगृहातल्या थोड्या थोड्या मुली वाटून दिल्या. दर गुरुवारी शाळा सुटली की सूतकताईच्या खोलीत त्या बाईंनी बसायचं आणि ज्या मुलीला काही बोलायचं असेल तिनं एकटीनं यायचं. गणित नाही, उजळणी नाही, नुसतं बोलायचं. सुरुवातीला बायका आपसांत हसल्या होत्या. गुरुवारची गाऱ्हाणी, असं एकीनं नाव ठेवलं होतं. पण मोठ्या बाईंनी एक दिवस सगळ्यांना समोर बसवून बजावलं. मुलीनं सांगितलेलं तिचं असतं, ते चहाबरोबर वाटायचं नाही. मुलीला आपल्या मनासारखं वळवायला बसायचं नाही. आणि, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कुणाला सांगणार नाही असं वचन आधी कधीही द्यायचं नाही. म्हणायचं, सांग, ऐकते. दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं तर तुला विचारून सांगेन. एवढंच. "वचन दिलंत की तुम्ही तिच्या बाई राहत नाही," त्या म्हणाल्या होत्या, "मैत्रीण होता. मैत्रिणी तिला पुष्कळ आहेत." मालनला ते पटलं होतं. ती पुण्याच्या कॉलेजातून तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झाली होती, आणि साधं सरळ वाक्य तिला कुठेही पटायचं.

आणि गुरुवारी बनू आली तेव्हा मालनला घरी जायची घाई झाली होती. नुसती घाई नव्हे. छाती दगडासारखी भरून आली होती, पोलक्याला आतून ओल यायला लागली होती, पदर दोनदा पुढे ओढून झाला होता. दुपारचं बाळ बोंडल्यावर राहायचं, पण शाळा सुटायच्या सुमाराला दोघांनाही घड्याळ लागत नसे. तिकडे ते रडायला लागलं की इकडे हिला कळायचं. अशा वेळी बनू दारात उभी राहिली. घोडेगावची, सूर्यभान दलालाची पोरगी, सहावीत, उंच, पायात कधी वहाण नाही, आणि एरवी इतकी बोलकी की वर्गात तिला सारखं गप्प बसवावं लागे. घोडेगावच्या बैलबाजारात तिचा बाप सौदे जमवून द्यायचा. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून दर ठरतो, वरती माणसं हवापाण्याचं बोलत राहतात, हे तिनं एकदा वर्गात बाकावर उभी राहून सगळ्यांना करून दाखवलं होतं. त्या दिवशी मात्र तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि बोलत नव्हती. मालननं सांग म्हटलं. बनू म्हणाली, आधी गळ्याची घ्या. मालनला हसू आलं. प्रेमाची चिठ्ठी असेल, कुणाची बोरं चोरली असतील, असलंच काही. तिनं दोन बोटांत गळ्याची चिमूट धरली, मुली धरतात तशी. "अशी न्हाई," बनू म्हणाली. "बाळाची घ्या." पोलक्याच्या आत दूध उतरत होतं. मालन म्हणाली, बरं बाई, बाळाची शपथ, कुणाला सांगणार नाही, आता लवकर बोल. इतकं साधं ते. लवकर बोल, हे शेवटचे दोन शब्द तिला पुढे कितीतरी वेळा ऐकू आले, स्वतःच्याच आवाजात.

बनूनं उजवा हात बाहेर काढला आणि बाही वर सरकवली. दंडावर, कोपराच्या जरा वर, एक डाग होता, रुपयाहून मोठा, फिकट तांबूस, कडेला किंचित उचललेला. मालनला शिबं वाटलं, पोरांच्या अंगावर उठतं तसं साधं. ती म्हणालीही तसं. बनूनं पोलक्याची पिन काढली आणि मालनच्या तोंडाकडे पाहत पाहत ती त्या डागात खुपसली. हाताकडे ती बघतच नव्हती. रक्ताचा बारीक मणी वर आला. बनू अजून मालनच्या तोंडाकडेच बघत होती, शिकवलेलं बरोबर आलं का हे विचारताना बघायची तशी. डागाच्या कडेला एक जुनी पोळ होती. वसतिगृहाच्या स्वैपाकघरात भाकरी भाजताना तव्याची कड लागली होती म्हणे, आणि शेजारच्या मुलीनं जळकं हुंगून हात ओढला तोवर हिला पत्ताच नव्हता. "आमच्या बापाचा हात बैलावरनं फिरला ना बाई, की त्याला कातडीखालचं सुदीक कळतं," बनू म्हणाली. "म्हनून दिवाळीला मी त्याच्यापाशी बसलेच न्हाई." तिच्या गावच्या वेशीबाहेर एक बाई राहायची, बोटं झडलेली, तिला भाकर लांबून टाकत. तिचं नाव बनूनं घेतलं नाही. रोगाचंही घेतलं नाही. मालनच्या मनात मात्र तो शब्द आला, महारोग, छापील अक्षरात, आरोग्यशास्त्राच्या पुस्तकातल्या मथळ्यासारखा, आणि त्याच्या आसपास काहीच आलं नाही, ना भीती ना दया. तिनं बनूचा हात धरला, पिन काढून घेतली, रक्त स्वतःच्या पदरानं पुसलं. मग घरी गेली. घरी बाळ लाल होऊन रडत होतं, आणि तिनं वहाणा काढायच्या आधी त्याला पदराखाली घेतलं. हात धुतले नव्हते हे तिला आठवलं तेव्हा ते पोटभर पिऊन झोपी गेलं होतं, तिचं एक बोट मुठीत धरून.

तिथपासून शुक्रवार, शनिवार, रविवार. कुणाला सांगावं तर शपथ बाळाच्या अंगावर. न सांगावं तर त्या वसतिगृहात मुली एका ओळीत अंथरुणं घालून झोपतात, एका परातीत कणीक मळतात. आणि बनूचा हात, जो आत्ता नुसता मुका आहे, तो पुढे काय होईल. शपथेनं काही होत नाही, हे तर्कशास्त्रात दोन ओळींत सिद्ध करता आलं असतं. तिनं ते मनातल्या मनात सिद्धही केलं, आधी विधान, मग निष्कर्ष, आणि मग बाळाचं अंग कोमट लागलं. माणसानं एकदा भीतीपोटी मोजायला सुरुवात केली की दोन्हीकडून हिशेब चुकतो. बनूचं हित आणि बाळाचं हित तिला वेगवेगळं करता येईना. सांगायला हवं, असं वाटलं की लगेच शंका यायची, हे पोरीसाठी वाटतंय की त्या पोरीला शाळेतून, आपल्या वर्गातून, आपल्या हाताच्या अंतरातून लांब पाठवण्यासाठी? गप्प बसावं असं वाटलं तरी तीच शंका, फक्त पालथी. रविवारी जेवताना तिच्या नवऱ्यानं, राधाकृष्णानं, विचारलं होतं की काय झालंय. तो कोर्टात कारकून होता, दिवसभर दुसऱ्यांची कुलंगडी लिहून घ्यायचा आणि घरी आल्यावर कशालाही फार मनावर घ्यायचा नाही. "पोरीनं पेरू चोरला असेल आणि तू वकीलपत्र घेतलं असशील," तो म्हणाला. ती सांगणार होती. शब्द जिभेवर आले होते. सांगितलं असतं तर अर्धं ओझं त्यानं घेतलं असतं, चांगला होता तो. पण ओझं तिचं नव्हतंच, बनूचं होतं, आणि ते आपल्या घरच्या पाटावर, आमटीच्या वाटीशेजारी उघडायचं म्हणजे त्या पोरीची बाही पुन्हा एकदा वर करायची, तिला न विचारता. ती म्हणाली, तसंच काहीतरी. तो हसून उठला.

सोमवारी ती माळीवाड्यातून शाळेकडे चालत निघाली तेव्हा उन्हाला धार नव्हती. भिंगारच्या कॅम्पाकडे जाणारे मिलिटरीचे ट्रक एकामागून एक गेले, रिकामे, ताडपत्र्या फडफडत. एका टांग्याच्या घोड्याच्या पाठीवर खोगिराचा घट्टा पडलेला होता, केस उडालेले, कातडी राखाडी. तिची नजर तिथेच अडकली. हल्ली तिला जगात दुसरं काही दिसतच नव्हतं, फक्त पृष्ठभाग. भाजीवालीचे हात, पोस्टमनचा कान, वर्गातल्या मुलींच्या माना. इतिहासाच्या तासाला बनू मागच्या बाकावर लांब बाह्यांचं पोलकं घालून बसली होती आणि तिनं एकदाही वर पाहिलं नाही. तिच्याशेजारची मुलगी तिच्या दंडाला खेटून बसली होती, दोघींत एकच पुस्तक.

मधल्या सुट्टीत मालन मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. टेबलावर कागदात हुरडा होता, कुणा पालकानं शेतावरून पाठवलेला, आणि मोठ्या बाई तो लसणीच्या चटणीबरोबर मन लावून खात होत्या. घे, म्हणाल्या. मालननं हात पदराखाली धरले आणि भूक नाही म्हणाली. मोठ्या बाईंनी त्या पदराकडे पाहिलं. मालननं सुरुवात केली, समजा, एखाद्या मुलीनं.

"समजा नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "समजा म्हणत येतात आणि जाताना खरं टाकून जातात. नाव मात्र सांगू नकोस. नाव माझ्या कानावर पडलं की मला संस्थेला कळवावं लागेल, वसतिगृहाचा नियम आहे. आणि आपले संस्थाचालक आप्पासाहेब देवमाणूस आहेत, पण असले देवमाणूस आहेत की स्वतःची गाडी जुंपून पोरीला दिवेलागणीच्या आत घरी पोचवतील." मग त्यांनी मालनच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हुरडा बाजूला सरकवला. "दुखणं आहे?"

मालननं मान डोलावली.

"पसरणारं?"

"माहीत नाही."

"मग ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जा. तिला घेऊन जा. तिला आधी सांगून. तिच्या पाठीमागे डॉक्टरच्या कानातसुद्धा काही घालायचं नाही. पसरणारं निघालं तर मग तिला घेऊनच माझ्याकडे या, मी बघते आप्पासाहेबांचं." मग विचारलं, "वचन दिलंयस का?"

"हो."

"कशावर?"

 मालनचा हात पदराआड छातीशी गेला होता, जिथं पोलकं ओलं व्हायला लागलं होतं, आणि मोठ्या बाईंना, ज्यांच्या मांडीवर कधी मूल आलं नव्हतं, ते दिसलं. "मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या, अगदी हळू, रागावल्याशिवाय. मग खिडकीकडे तोंड करून बसल्या. मालन उठली. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, आजच जा.

गुरुवार नसताना सूतकताईची खोली वापरात नसे. टकळ्या भिंतीशी टांगलेल्या, पेळू टोपलीत, सगळ्यावर कापसाची बारीक धूळ. शाळा सुटल्यावर मालननं बनूला तिथं बोलावलं. बनू आली आणि दाराशीच उभी राहिली. मालनला वाटेत पाठ केलेलं काहीच आठवेना. लहानपणी शाळेत एक रीत होती, अजूनही होती. जिनं शपथ घालायची तिनंच ती सोडायची. सुटली, असं तिनं म्हटलं की मोकळं. तोवर ज्याच्या नावानं घेतली त्याच्या अंगावर ती राहते. मालन स्वतः परकर नेसत होती तेव्हा एका मैत्रिणीमागे सबंध मैदान पळाली होती, सुटली म्हण, सुटली म्हण, रडत, कारण शपथ आजोबांची होती आणि आजोबांना खोकला झाला होता. ते तिला आत्ता आठवलं, मैदानातल्या धुळीसकट. ती आता शिक्षिका होती, तिच्या पायांत वहाणा होत्या, आणि ती तेच मागायला आली होती.

"बनू," ती म्हणाली, "सुटली म्हण."

बनूनं मान हलवली. "म्हनलं की तुमी सांगनार."

"हो. डॉक्टरांना सांगणार. तुझ्यासमोर. तू नसताना कुणालाच नाही. आत्तापर्यंत घरीसुद्धा बोलले नाही."

"मला काढतील."

मालनला म्हणता आलं असतं, नाही काढणार. तेवढंच म्हणायचं होतं, पोर ऐकायला आसुसली होती. "काढतील की नाही मला माहीत नाही," ती म्हणाली. "मोठ्या बाई भांडतील एवढं माहीत आहे. त्यांना तुझं नाव ठाऊक नाही अजून. पण हात असाच ठेवला तर तो वाया जाईल."

बनू कितीतरी वेळ पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचा कापूस गोळा करत राहिली. मग तिनं विचारलं, "बाळ बरं हाय का?"

आणि इथं सगळं थांबलं. मालनला स्पष्ट दिसलं. बाळाला ताप आहे, एवढंच म्हणायचं. खोटंही नाही. हे एक वाक्य तिच्यापुढे ठेवलं की ही पोर तत्क्षणी सुटली म्हणेल, एकदा नाही दहादा म्हणेल, रडत म्हणेल, कारण ती चांगली आहे, आणि मग जन्मभर तिला वाटत राहील की आपलं गुपित एका बाळाला बाधलं. उपरण्याखाली बोट दाबावं तसं होतं ते. वरती हवापाण्याचं बोलत राहायचं आणि खाली सौदा. मालनच्या अंगात कुठेतरी, फार खोल, काहीतरी हललं, पण वर येईपर्यंत ते पुन्हा निवलं.

"बरं आहे," ती म्हणाली.

"खरं?"

"खरं."

बनूनं तिच्याकडे पाहिलं, पिन टोचताना पाहिलं होतं तसंच, सरळ तोंडाकडे. "मंग मी न्हाई म्हनत," ती म्हणाली. "तुमी घेतली, तुमीच मोडा." आणि दारातून बाजूला झाली, पण आत आली नाही आणि गेलीही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "चला. येते मी."

वसतिगृहाच्या बाईंना मालननं सांगितलं, हिच्या हाताला भाजलंय, दवाखान्यात नेते. झेंडीगेटाकडे डॉक्टर नूरुद्दीन यांचा दवाखाना होता. म्हातारे, काळी टोपी, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेले, आणि गावात म्हणत की त्यांच्याकडून बातमी काढण्यापेक्षा किल्ल्याच्या भिंतीतून दगड काढणं सोपं. वाटभर दोघी एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून चालल्या. ते कुणी ठेवलं होतं हे मालनला कळलं नाही. दवाखान्यात पडद्याआड बाकावर बसल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कुणाला काय होतंय. बाहेर कुणीतरी खोकत होतं. मालनला वाटलं, बनू बोलेल. ती बोलली तर शपथ मोडणार नाही. ती वाट पाहत राहिली, आणि आपण एका पोरीच्या तोंडून स्वतःची सुटका होण्याची वाट पाहत बसलोय हे तिला दुरून, दुसऱ्या कुणाचं असावं तसं, दिसलं. मग तिनं बाळाचं नाव मनात घेतलं आणि तोंड उघडलं.

"हिच्या उजव्या दंडावर डाग आहे," ती म्हणाली. "त्याला पिन टोचलेली कळत नाही."

काही झालं नाही. छताला पंखा नव्हता, भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. शपथ मोडली तेव्हा कसलाच आवाज झाला नाही. आणि शेजारून बनू हळूच म्हणाली, "पाठीवर बी हाय एक. बाईंना न्हाई सांगितला."

डॉक्टरांनी बनूला डोळे मिटायला सांगितलं. बेटा, म्हणाले, मी हात लावतो, लागलं की बोट उचल. मग त्यांनी टेबलावरचं कबुतराचं पीस घेतलं. मनगटावर टेकलं, बोट उचललं गेलं. तळहातावर, बोट. कोपराखाली, बोट. मग पीस वर सरकलं, तांबूस कडेपर्यंत आलं, कड ओलांडली. बनू मिटल्या डोळ्यांनी, मान थोडी वर करून, आज्ञाधारकपणे वाट पाहत होती. पीस डागावर फिरत होतं. बोट मांडीवर तसंच होतं. डॉक्टरांनी पीस ठेवून सुई घेतली. बोट तसंच. "लावा की," बनू म्हणाली. डॉक्टर म्हणाले, लावतो बेटा. मालननं दुसरीकडे पाहिलं नाही. ते एक न उचललेलं बोट, शाईचा डाग लागलेलं, नख खाल्लेलं, तिला पाहावंच लागलं.

नंतर ते हात धुऊन बोलले. हा रोग दोन तऱ्हांचा असतो, हे त्यांतलं पसरणारं नाही, पुष्कळांना दोन्ही एकच वाटतं. पण मज्जातंतू धरलाय, उशीर केला तर बोटं वाकतील. दर आठवड्याला कडू कवठाच्या तेलाची सुई घ्यावी लागेल, दुखेल, वर्ष लागेल, जास्तही लागेल. वडिलांना सांगावं लागेल, त्याशिवाय आपण औषध सुरू करणार नाही. हिनंच सांगितलं तर उत्तम, आपण शेजारी बसू. शाळेत कुणी विचारलं तर कातडीचं दुखणं, मुलींत राहायला हरकत नाही, असं आपण सांगू, आणि ते खोटं नाही. एवढं बोलून त्यांनी मालनकडे पाहिलं, आणखी काही विचारायचंय का म्हणून. होतं. चार दिवस तेवढं एकच होतं. पण ते बनूदेखत विचारायचं म्हणजे तिच्यासमोर आपले हात पुन्हा एकदा साबणानं धुवायचे. मालननं मान हलवली.

"बाईंचं बाळ लहान हाय," बनू म्हणाली. ती बाही खाली ओढत होती. "त्यांनी मला हात लावला हुता. तेला काय हुईल का?"

डॉक्टर म्हणाले, काही होणार नाही. बनूनं मान डोलावली आणि बाहीचं बटण लावलं. मालनला रडू यायला हवं होतं. तिनं वाट पाहिली. आलं नाही.

वसतिगृहाच्या फाटकाशी ती थांबली. बापाला बाजाराच्या आधीच निरोप धाडायचा असं ठरलं होतं, बनू स्वतः सांगणार होती. हात कसा पुढे करायचा याचा विचार ती आत्तापासूनच करत असावी, कारण चालताना दोनदा तिनं उजवा हात जरासा उचलून पाहिला होता. मालनला वाटलं, आता म्हणेल. तो एक शब्द, जाता जाता. ती फाटक धरून उभी राहिली. बनू म्हणाली, येते बाई. आणि पायरी चढून आत गेली. मागे पाहिलं नाही. आतून परातीचा आवाज आला, कुणीतरी तिला हाक मारली, कुठं गेल्ती गं, आणि तिचं ते एरवीचं मोठं बोलणं सुरू झालं.

घरी दिवा अजून लावला नव्हता. रॉकेल पुरवायचं म्हणून आक्काबाई शेवटच्या उजेडापर्यंत ताणायच्या. बाळाचा ताप तसाच होता, जास्त नाही, कमी नाही. "सकाळी उतरंल," त्या म्हणाल्या, आणि मालन मोरीकडे वळलेली पाहून पुढं म्हणाल्या, "साबन संपला. बरं झालं." मालननं नुसत्या पाण्यानं हात धुतले आणि खांबाला टेकून बसली. बाळाला पदराखाली घेतलं. त्याचा गरम, चिकट गाल तिला लागला. ते भुकेलं होतं, दोनदा ओढलं, मग थांबलं. उंबऱ्यापलीकडे रस्त्यावर टांग्याच्या घुंगरांचा आवाज लांब लांब गेला. सुटली नाही, ती मनात म्हणाली, आता ती तशीच राहील. हे वाक्यही दारात येऊन थांबलं. आणि बाळानं एकदम हिरडी दाबली, आणि हिरडी नव्हती ती. काहीतरी बारीक, टोकदार, तांदळाच्या कणीसारखं, तिच्या अंगात घुसलं.

ती ओरडली नाही. बाळाला दूरही केलं नाही. पण मांडीवर पडलेल्या तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट, कुणी सांगितलं नसताना, वर उचललं गेलं. अंधारात ते तिला दिसत नव्हतं. उचललेलं आहे एवढं कळत होतं. तिनं ते तसंच राहू दिलं.